रुचिताचं गाऱ्हाणं

डोंबिवली पूर्व,
१३ जुलै २०२५

विनीत,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तू तिसऱ्या वाक्याला "अण्णा, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मी दुसऱ्याच वाक्याला आवाज चढवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर माझं वाचलंस की नाही हे कळू नये अशी सोय तू करून ठेवली आहेस. पत्रात निदान माझं वाक्य मला पुरं करता येतं.

कामाचं आधी. तुझ्या वकिलांनी कोर्टात अर्ज दिलाय, की रुचिताला न्यायाधीशांनी आत बोलावून विचारावं, तुला आईकडे राहायचंय की बापाकडे. मेघनाने मला कागद दाखवला. रडली वगैरे नाही, चहा टाकायला आत गेली. तुझी आई म्हणाली, "ह्येका येड लागलाहा काय?" गणपती झाले की तारीख आहे. तोवर तुझं मन वळवायचं आणि तो अर्ज मागे घ्यायला लावायचा, एवढ्यासाठी हे पत्र. लपवत नाही. धंदेवाला माणूस आहे, गिऱ्हाइकाला दर आधीच सांगतो.

तू म्हणशील, अण्णा सुनेच्या बाजूचे. गेल्या वर्षी होळीनंतर तू बॅग भरलीस आणि मला म्हणालास, हिला माहेरी पाठवा. मी म्हटलं, पोरीची शाळा इथे आहे, तेव्हा पोरीची आई इथेच राहील. त्यावर तू जिन्यात उभा राहून विचारलंस, "तुमचा मुलगा मी की ती?" विनीत, मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तू आता तोच प्रश्न पंधरा वर्षांच्या पोरीला परक्या माणसासमोर विचारायला निघालास.

आता मी जे ऐकलंय ते सांगतो. आपल्या पोळी-भाजी केंद्रावर संध्याकाळी रांगेत उभी राहून माणसं फोनवर काय काय बोलतात! कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा साहेब बदलला, मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतं. गावाहून आलो तेव्हा कँटीनमध्ये भांडी घासायचो. मुकादमाची चप्पल कुठल्या बाजूने येतेय ते ऐकायची सवय तेव्हा लागली, ती गेली नाही. केंद्र उभं केलं, वर घर बांधलं, कान तसेच राहिले.

तर रुचिताला दोन आवाज आहेत. तुझ्याशी बोलताना वरचा, लहान मुलीचा: "हो बाबा, सॉलिड मज्जा आली!" आईशी बोलताना खालचा, जवळजवळ बाईचा: "ठीक होतं गं. बोअरच झालं जरा." तुझ्याकडे काढलेला रविवार एकच. मला आधी वाटलं, पोरगी लबाड आहे, आजोबावर गेली. खरं सांगतो, मनातल्या मनात कौतुक केलं.

गेल्या रविवारी ती कोपरीहून, तुझ्याकडून आली, ती वर घरी गेली नाही. मागच्या दाराने केंद्रात शिरली आणि शेवंतीबाईंच्या शेजारी कणकेच्या पिंपाला टेकून बसली. शेवंतीबाई लाटतायत, तव्यावर पोळ्या फुगतायत, मी पुढे काउंटरवर.

"काय गो बाय, घरा नाय जायाचं?"

"जाते मावशी. पाच मिनिटं."

"बापूस काय बोलला?"

"नाही गं. बाबा छान होते."

"मंग?"

"चेहरा बदलायला थोडा वेळ लागतो."

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, आठ सांगितल्या, तुम्ही बारा बांधल्यात." मी म्हटलं, न्या हो, आज तुमचा दिवस आहे.

ज्या लबाडीचं मी कौतुक करत होतो ती मेहनत निघाली. ही पोर दर रविवारी एक घर उतरवून ठेवते आणि दुसरं अंगावर चढवते, आणि मध्ये श्वास घ्यायला तिला कणकेच्या पिंपाएवढी जागा पुरते. काही वेळाने ती उठली, शेवंतीबाईंना "चल, येते" म्हणाली आणि जिना चढून गेली. वरून मला मेघनाचा आवाज आला, "आलीस? कसं झालं?" आणि हिचा खालचा आवाज, "ठीक."

न्यायाधीश भला माणूस असेल. खुर्ची देईल, पाणी देईल, घाबरू नकोस म्हणेल. पण ती त्याच्याशी कोणत्या आवाजात बोलणार, सांग मला.

— अण्णा


डोंबिवली,
१० ऑगस्ट २०२५

विनीत,

उत्तर मला नाही, आईला आलं. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "अण्णांना सांग, मुलीला पढवू नका." वाचून झाल्यावर मला म्हणाली, "गावली तुमका पावती."

पढवायला मी जातो कशाला? ती मला पढवते. ऐक.

आषाढ संपता संपता तिचं पोट दुखायला लागलं. सोमवारी जास्त. शाळेत दोनदा उलटी झाली. मेघना ठाण्याला कामावर होती, म्हणून मी तिला आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हुशार. मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा." मी बसलो. दवाखान्याचं पार्टिशन प्लायवूडचं आहे, त्याला मी काय करू?

"सोमवारीच दुखतं? मग रविवारी काय खातेस?"

मग ही सांगायला लागली, अगदी अभ्यास सांगावा तशी. दुपारी बाबांकडे जेवते. बाबा खूप मागवतात, मला आवडतं ते सगळं. ताटात टाकलं तर त्यांना वाटतं मला घरी जायची घाई आहे. म्हणून सगळं संपवते. संध्याकाळी आई जेवायची थांबलेली असते. जेवून आले म्हटलं तर तिला वाटेल तिकडेच छान असतं. म्हणून सांगते, नीट जेवले नाही. मग तिच्याबरोबर परत.

"दर रविवारी दोनदा?"

"हो. पण आईची भाजी थोडी घेते."

"आणि पोट दुखतं हे कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? दोघांना वाटेल दुसऱ्याकडे खाल्ल्यामुळे दुखतंय."

विनीत, मी जन्मभर लोकांना जेवू घालायचा धंदा केला. माणूस भुकेने जेवतो, चवीने जेवतो, फुकट मिळालं म्हणून जेवतो, हे सगळं बघितलं. कोणाचं मन राखायला एकाच दिवशी दोन घरची ताटं पोटात घालणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, आणि ते माझ्या घरात दप्तर घेऊन फिरतंय. एवढा हिशोब ही डोक्यात ठेवते कुठे? तिकडची अर्धी पोळी, इकडची अर्धी वाटी, कोणाला किती वाईट वाटेल त्याचं वजन, आणि वर बीजगणित!

रिक्षात मला म्हणाली, "आजोबा, ऐकलंत ना?"

"मी बाहेर होतो."

"तुम्ही बाहेर होतात. तुमचे कान आत होते."

मी हसलो. ती नाही हसली. "बाबांना सांगू नका हां."

"आणि आईला?"

"तिला तर अजिबातच नाही."

"मला सांगितलंस ते?"

"तुम्हाला कुठे सांगितलं? तुम्ही चोरून ऐकलंत."

मी मान हलवली. व्यवहारात मान हलवली की शब्द दिल्यासारखाच असतो हे मला ठाऊक आहे. तरी तुला लिहितोय, आणि मेघनालाही सांगितलं. मेघना ऐकून भिंतीला टेकली. म्हणाली, "अण्णा, मी तिच्यासाठी थांबायचे हो. तिला एकटं जेवायला लागू नये म्हणून." तूही तिला आवडतं म्हणूनच मागवत होतास. दोघांचंही चुकत नव्हतं आणि पोर आजारी पडत होती. हे मला रागाने लिहिता येत नाही, एवढं ते अजब आहे.

शाळेतल्या बाई परवा म्हणाल्या, "अशा घरातली वाटतच नाही हो. किती समजूतदार!" मी नमस्कार करून निघालो.

गणपतीला ये. सत्तावीसला आपला बसतोय. अर्जाचं बोलायचं नाही, कोणी बोलणार नाही, माझी जबाबदारी. आरतीपुरता ये.

— अण्णा


डोंबिवली,
२८ ऑगस्ट २०२५

विनीत,

पेढे पोचले. तू नाही पोचलास. पेढे चांगले होते.

काल काय झालं ते मी तुला आजच लिहायला बसलोय, कारण उद्या मी त्याला आणखी चार शब्द चिकटवीन. शेजारच्या बिल्डिंगमधल्या देवेशने ते मोबाइलवर घेतलं होतं. मी त्याला माझ्यासमोर पुसायला लावलं. ती काही फॉरवर्ड करायची गोष्ट नाही.

आरती झाली. घर भरलेलं होतं, आपल्या गावची माणसं, बिल्डिंगमधली, शेवंतीबाई आणि केंद्रातल्या बायका. मी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. तुला काय सांगायचं, लहानपणी माझ्या धोतराला धरून तूच सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" ओरडायचास.

"बा गणपती म्हाराजा! आज सालाबादाप्रमाणा ह्या लेकरांनी जी काय तुझी सेवा केली, ती गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग घरातल्यांची नावं घ्यायची. दरवर्षी "माझो झील विनीत, सून मेघना" असं एका श्वासात येतं. काल ते तोंडाशी आलं आणि अडकलं. एकत्र घेऊ की वेगळं? सगळे थांबलेले. देवासमोर थांबून कसं चालेल, म्हणून जे आलं ते बोलून गेलो: "ह्या घराची जी दोन तोंडा दोन दिशांक झाली हत, ती फिरून एक कर, रे म्हाराजा!"

आणि सगळं घर गरजलं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याचं तसंच असतं. अर्थ नंतर कळतो, होकार आधी जातो. देवेशची आई तर पदर डोळ्याला लावून ओरडली. मेघना दाराशी निरांजन घेऊन उभी होती. तिचं तोंड असं झालं, जसा भर बाजारात कोणी हात धरावा.

"नाही. थांबा."

गाऱ्हाण्याच्या मध्ये कोणी बोलत नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून मी कधी ऐकलेलं नाही. मी वळून बघितलं तर रुचिता. पुढे आली, माझ्या हातातला नारळ घेतला. विचारलं नाही, घेतला. तिची आजी "अगो, अगो" करत राहिली.

"बा गणपती म्हाराजा," ती म्हणाली. मालवणी तिला येत नाही, दोनच शब्द येतात, ते संपले. मग डोंबिवलीच्या भाषेत.

"आजोबांनी आत्ता जे मागितलं ना, ते देऊ नकोस. त्यांना माहीत नाही. आईबाबा एकत्र होते तेव्हा मी पंख्याचा आवाज मोजत बसायचे, म्हणजे दुसरं ऐकू येऊ नये. आता आई गाणं म्हणते भांडी घासताना. बाबा पण हसतात. ते असेच राहू देत."

बाहेर कुठल्या मंडळाचा ढोल चालू होता, तोसुद्धा मला लांब गेल्यासारखा वाटला.

"बाबांना भात तरी लावता येऊ दे. आईला कोणी विचारू नये की नवरा कुठे असतो. आणि मला," इथे तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही, "मला कोणी विचारू नये की मी कोणाची. मी दोघांची आहे. मी वाटून देते रे दोघांना, सारखं सारखं. पण आता मला होत नाहीये. मी दमले. म्हाराजा."

संपलं. नारळ छातीशी धरून उभी.

आणि घरात एवढी माणसं, पण एकाच्या तोंडून "व्हय" फुटेना. कारण "व्हय" म्हणायचं म्हणजे देवासमोर मान्य करायचं, की हे घर आता जुळणार नाही. एवढ्या वर्षांत मी देवाकडे पाऊस मागितला, धंदा मागितला, तुझी नोकरी मागितली. आईबाप वेगळेच राहू देत, सुखात राहू देत, असं मागायचं धाडस ह्या पोरीत कुठून आलं? माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला वाटत होतं, मूर्तीच्याही आला असेल.

तेव्हा दारातून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मेघना. साताऱ्याकडची मुलगी, लग्न होऊन आल्यापासून गाऱ्हाण्याला नुसते ओठ हलवायची, लाजायची. काल एकटीने म्हणाली, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तुझी आई. मग शेवंतीबाई. मग सगळं घर. मी सगळ्यांत शेवटी.

म्हणजे बघ, एक माणूस राहिला.

— अण्णा


डोंबिवली,
१३ सप्टेंबर २०२५, शनिवार सकाळ

विनीत,

मेघनाच्या वकिलांकडून कळलं, तू अर्ज मागे घेतलास. दोघांनी बसून दिवस ठरवायचे आणि पोरीला कोर्टाची पायरी चढवायची नाही, असंही तूच सुचवलंस म्हणे. मला ना फोन, ना चिठ्ठी. चालेल. माझ्याच घरात वाढलास, गोड बोलायला कुठे शिकणार!

मेघनाने रुचिताला सांगितलं तेव्हा मी तिथेच वर्तमानपत्र धरून होतो. तिने विचारलं, "नक्की? परत नाही ना कोणी विचारणार?" मेघना म्हणाली, "नाही." "बरं," एवढंच म्हणाली आणि भूगोल उघडला. मला वाटलं होतं रडेल, गळ्यात पडेल. काही नाही. मी थोडा हिरमुसलो म्हण.

काल संध्याकाळी खाली काउंटरवर होतो आणि वर आरडाओरडा. गिऱ्हाइकं छताकडे बघायला लागली. मी धावलो. झालं काय होतं, तर मेघना तेलाची वाटी घेऊन म्हणाली, "ये, डोक्याला लावून देते." बस्स.

"नको म्हटलं ना! किती वेळा सांगू? मला नाही आवडत ते चिपचिप! आणि माझ्या खोलीत न विचारता यायचं नाही! आणि रविवारी मी कुठ्ठेच जाणार नाहीये. इथे पण नाही थांबणार, बाबांकडे पण नाही जाणार. मैत्रिणींबरोबर अंबरनाथला जाणार, देऊळ बघायला. मला माझा एक रविवार पाहिजे!"

आणि दार आपटलं. असं आपटलं की चौकटीवरची गणपतीची फ्रेम तिरकी झाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तू गेल्यापासून ह्या घरात दार आपटलेलंच नव्हतं. मेघना तेलाची वाटी धरून दाराबाहेर उभी होती. मी म्हटलं, "मेघना, अभिनंदन." ती हसायला लागली, हसता हसता खाली बसली, तेल सांडलं. तुझी आई फ्रेम सरळ करत म्हणाली, "फुटला एकदाचा तोंड." आम्ही तिघं त्या बंद दाराकडे असे बघत होतो, जसं आत काही जन्माला येतंय. हे मी थट्टेत लिहीत नाही.

तासाभराने ती खाली आली. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली, कोणी विचारायच्या आत म्हणाली, "सॉरी नाही म्हणणार."

"मागितलं कोणी?"

"बाबांना फोन मी करणार. तुम्ही कोणी मध्ये बोलायचं नाही. आईने सांगितलं म्हणून येत नाही असं त्यांना वाटायला नको."

"कर की."

"उद्या संध्याकाळी करते. रविवारच्या आदल्या दिवशी सांगितलं की बरं ना?" मग थांबून, हळू: "त्यांना वाईट वाटलं तर?"

"वाटेल."

"मग?"

"मग काय? पुढच्या रविवारी जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. विनीत, जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघितल्यावर पोरं बघतात ना, तसं. एवढं मोठं ते फिरतंय आणि माणसं पडत नाहीत, हे खरं कसं, असं.

"म्हणजे... त्यांना वाईट वाटलं तरी... असं चालतं?"

"चालतं," मी म्हटलं.

पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून देवेश ठाण्याला कामावर जाताना कोपरीत तुझ्या दाराच्या फटीतून टाकेल. आज संध्याकाळी फोन येईल. घाबरलेली असेल आणि दाखवणार नाही. मी तुझ्या वतीने तिला सांगून बसलोय की चालतं. ते खरं की खोटं, हे तिला तू "हॅलो"नंतर जो पहिला शब्द बोलशील त्यावरून कळणार आहे.

— अण्णा